भाकरी, कडबा आणि एक अदृश्य क्षण: एन्झाइमचं काम कॉम्प्युटरवर कसं 'बघतात'?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, किंवा जे आज हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे बघा' गाळलेत, आकडे जरा नीट मांडलेत. बाकी मजकूर तोच.

आजची सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. ज्वारीचं ताट डोळ्यांसमोर आणा. वर कणीस, खाली धांडा. कणसातल्या दाण्यांची भाकरी आपण खातो. धांडा वाळला की त्याचा कडबा होतो आणि तो जनावरांना जातो. आता गंमत बघा. दाण्यातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ. कडब्यातलं सेल्युलोज म्हणजे, हो, तीसुद्धा ग्लुकोजच्याच मण्यांची माळ. मणी तेच. मग भाकरीचा घास चावता चावता गोड लागायला लागतो आणि कडबा माणसाने कितीही चावला तरी पोटातून जसाच्या तसा का जाईल?

फरक मण्यांत नाही, सांध्यात आहे. एका मण्याला दुसरा जोडताना तो बंध कोणत्या दिशेला निघतो, एवढाच फरक. स्टार्चमध्ये तो एका बाजूला वाकलेला असतो, म्हणून माळ स्प्रिंगसारखी गुंडाळते. सेल्युलोजमध्ये तो जवळपास सरळ निघतो, म्हणून माळा सपाट राहतात आणि एकावर एक घट्ट रचल्या जातात. आपल्या लाळेतल्या अमायलेज नावाच्या एन्झाइमला पहिला सांधा ओळखता येतो, दुसरा नाही. म्हशीलाही स्वतःला तो येत नाही बरं का. तिच्या पोटात राहणारे सूक्ष्मजीव तिच्यासाठी हे काम करतात.

एन्झाइम म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं 'विकर'. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, बायोलॉजी बारावीआधीच सुटलेली. त्यामुळे माझ्या डोक्यात विकराची व्याख्या एवढीच होती: 'स्वतः न बदलता अभिक्रियेचा वेग वाढवतो.' परीक्षेत दोन मार्क मिळतात, पण खरा प्रश्न तसाच राहतो. वेग वाढवतो म्हणजे नेमकं काय करतो? कुठला अणू कुठे सरकतो? आणि हे कुणी पाहिलंय का?

उत्तर असं, की तो क्षण थेट पाहणं जवळपास अशक्य आहे. म्हणून तो कॉम्प्युटरमध्ये घडवून बघतात. ते कसं, आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा, हा आजचा विषय.

५० लाख वर्षं विरुद्ध एक सेकंद

आधी आकडा ऐका. सेल्युलोजमधला सांधा नुसत्या पाण्यात, साध्या तापमानाला, कुणाच्याही मदतीशिवाय तुटायला किती वेळ लागतो? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले रिचर्ड वोल्फेंडेन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये याचा हिशोब मांडला. असे शंभर सांधे घेतले तर त्यातले पन्नास तुटायला साधारण ५० लाख वर्षं लागतील. ५० लाख! म्हणजे माणूस नावाचा प्राणी पृथ्वीवर येण्याच्याही कितीतरी आधी सुरुवात करायला हवी होती.

आणि एन्झाइम? असाच सांधा तो सेकंदाला काही वेळा, कधी शेकडो वेळा तोडतो. एकावर १७ शून्यं इतक्या पटीपर्यंत वेग वाढतो. आपण कोड दहापट फास्ट केला तर टीमला पार्टी मागतो. इथे सतरा शून्यं आहेत.

हे समजायला सह्याद्री उपयोगी पडतो. कोकणातून देशावर यायचंय आणि मध्ये डोंगर उभा आहे. रेणूंचंही असंच असतं. 'सांधा जोडलेला' ही एक दरी, 'सांधा तुटलेला' ही दुसरी दरी, आणि मध्ये ऊर्जेचा डोंगर. या डोंगरावर जिथून ओलांडता येईल अशी सर्वांत सोपी जागा म्हणजे खिंड. तिला शास्त्रज्ञ ट्रान्झिशन स्टेट म्हणतात. रेणू इकडून तिकडे जाताना त्या खिंडीत एका सेकंदाच्या लाखाव्या भागाच्याही कोट्यवधींश वेळ असतो. कॅमेरा रोखेपर्यंत तो पलीकडे उतरलेला असतो.

वेग किती, हे खिंडीच्या उंचीवर ठरतं, आणि हा हिशोब सरळ रेषेत चालत नाही. साध्या तापमानाला खिंड सुमारे १.४ किलोकॅलरी प्रति मोल इतकी खाली आली की वेग दहापट होतो. पुन्हा तेवढीच खाली आली की शंभरपट. वोल्फेंडेन यांच्या आकड्यावरून उलटं गणित केलं तर एन्झाइमशिवायची खिंड ३७ किलोकॅलरीच्या आसपास येते. सेकंदाला दहा सांधे तोडणाऱ्या एन्झाइमची येते १६ च्या आसपास. म्हणजे एन्झाइम डोंगर हटवत नाही, तो एक बुटकी खिंड शोधून देतो. प्रश्न हा, की तो ती बुटकी कशी करतो.

अंड्याच्या पांढऱ्यातला हिरो

या कथेचा हिरो आहे लायसोझाइम. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी, हो, तेच पेनिसिलिनवाले, १९२२ मध्ये तो जाहीर केला. आपल्या अश्रूंत, नाकातल्या शेंबडात आणि अंड्याच्या पांढऱ्या भागात तो असतो. बॅक्टेरियाच्या भिंतीत साखरेच्या माळा असतात आणि त्यांचा सांधा कडब्यातल्या सेल्युलोजच्याच जातीचा असतो. लायसोझाइम तो तोडतो आणि भिंत ढासळते.

१९६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने क्ष-किरणांच्या मदतीने त्याची अणू-अणूंची रचना मांडली. एखाद्या एन्झाइमची अशी रचना जगात पहिल्यांदाच दिसत होती. १२९ अमिनो आम्लांची साखळी, मध्ये एक घळ, आणि त्या घळीत साखरेची माळ बसते. घळीत समोरासमोर दोन महत्त्वाची पात्रं: ३५ क्रमांकाचं ग्लुटामिक आम्ल आणि ५२ क्रमांकाचं ॲस्पार्टिक आम्ल.

फिलिप्स यांचा अंदाज असा होता. ३५ नंबर सांध्यातल्या ऑक्सिजनला एक प्रोटॉन देतो. सांधा सैल होऊन तुटतो. मागे राहिलेल्या साखरेच्या कार्बनवर धन प्रभार येतो, म्हणजे ती अगदी अस्थिर होते. समोरच ऋण प्रभार घेऊन बसलेला ५२ नंबर तिला धीर देतो. मग पाण्याचा रेणू येऊन ती जागा भरतो. शिवाय एन्झाइम साखरेला घळीत दाबून वाकवत असावा आणि त्या ताणामुळे सांधा तुटणं सोपं होत असावं, असंही त्यांना वाटलं.

आता दोन कारणं समोर आली: ताण की प्रभार? फोटोवरून हे ठरत नाही. फोटोत सगळे जागेवर बसलेले दिसतात, कोण किती जोर लावतंय ते दिसत नाही.

जिथे काम, तिथेच खर्च

इथे कॉम्प्युटर आला. रेणूचं सिम्युलेशन करायच्या दोन जुन्या पद्धती होत्या.

पहिली स्वस्त. अणू म्हणजे चेंडू, बंध म्हणजे स्प्रिंग, वर प्रत्येक चेंडूला थोडा विद्युत प्रभार. न्यूटनचे नियम लावा, प्रत्येक अणूवरचं बल काढा, सगळ्यांना एक बारीक पाऊल पुढे सरकवा, पुन्हा बल काढा. बस्स, एक मोठा फॉर-लूप! १९७७ मध्ये मार्टिन कारप्लस यांच्या गटाने एका छोट्या प्रथिनाची अशी हालचाल जेमतेम नऊ पिकोसेकंद चालवली आणि तेव्हा तो पराक्रम होता. आज हेच काम गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डवर आरामात होतं. पण यात एक मोठी अडचण आहे. स्प्रिंग ताणली जाते, तुटत नाही. बंध तुटणं म्हणजे इलेक्ट्रॉनची मांडणी बदलणं, आणि या मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉन नावाची चीजच नाही.

दुसरी महाग. क्वांटम मेकॅनिक्स लावा आणि इलेक्ट्रॉन कुठे आहेत ते खरोखर सोडवा. बंध तुटतात, जुळतात, सगळं दिसतं. पण खर्च बघा: नेहमीच्या पद्धतींत अणू दुप्पट केले तर काम साधारण आठपट वाढतं. लायसोझाइममध्येच सुमारे दोन हजार अणू, भोवतीचं पाणी धरलं तर वीस-तीस हजार. सत्तरच्या दशकातला कॉम्प्युटर तर सोडाच, आजचाही याला सहज तयार होत नाही.

मग अरिए वार्शेल आणि मायकेल लेविट यांनी १९७६ मध्ये जे केलं ते कुठल्याही प्रोग्रामरला लगेच पटेल. आपण कोड ऑप्टिमाइझ करताना काय करतो? आधी प्रोफायलर लावतो, नव्वद टक्के वेळ कुठल्या फंक्शनमध्ये जातोय ते बघतो आणि मेहनत तिथेच घालतो. त्यांनी हेच केलं. सांधा तुटतो तिथल्या मोजक्या अणूंना क्वांटमचं महागडं गणित, बाकीच्या हजारो अणूंना चेंडू-स्प्रिंगचं स्वस्त गणित. आणि दोन्ही भाग एकमेकांशी बोलतात: बाहेरच्या अणूंचे प्रभार आतल्या इलेक्ट्रॉनना जाणवतात. या जोडपद्धतीला क्यूएम/एमएम म्हणतात. २०१३ चं रसायनशास्त्राचं नोबेल कारप्लस, लेविट आणि वार्शेल या तिघांना अशा बहुस्तरीय मॉडेल्ससाठीच मिळालं.

दोन भागांची सीमा जिथे येते तिथे खरी डोकेदुखी असते. एखादा बंध बरोबर सीमेवर आला तर त्याचं अर्धं टोक क्वांटमच्या बाजूला लोंबकळतं. मग तिथे एक खोटा हायड्रोजन लावून ते टोक बंद करतात. दोन सिस्टिम जोडताना आपण जसे ॲडॅप्टर लिहितो, अगदी तसंच. आणि ॲडॅप्टर जसे गुपचूप त्रास देतात, तसाच हाही देतो. म्हणून सीमा खऱ्या कामाच्या जागेपासून दूर ठेवायची, हा पहिला धडा.

गणिताने काय सांगितलं, आणि काय नाही

वार्शेल-लेविट यांच्या गणिताचा निकाल स्पष्ट होता. ताणाचा वाटा थोडा, प्रभाराचा वाटा मोठा. कारण सोपं आहे. एन्झाइम लोखंडी साचा नाही, तो मऊ आहे. साखरेला दाबायला गेला तर तो स्वतःच थोडा सरकतो. पण त्याच्या घळीत प्रभार आधीपासून योग्य जागी मांडून ठेवलेले असतात. नुसत्या पाण्यात अस्थिर साखरेभोवती पाण्याच्या रेणूंना वळून, रांग लावून उभं राहावं लागतं आणि त्याला ऊर्जा लागते. एन्झाइममध्ये ही रांग आधीच तयार असते. घरी पाहुणा आल्यावर चहाचं आधण ठेवणं वेगळं आणि पाहुणा दारात असतानाच कप भरलेला असणं वेगळं.

पण ही गोष्ट इथे संपत नाही, आणि मला यातला पुढचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

१९५३ मध्येच डॅनियल कोशलँड यांनी दुसरी शक्यता मांडली होती. अशा एन्झाइममध्ये ऋण प्रभाराचं आम्ल नुसतं लांबून धीर देत नाही, ते साखरेशी चक्क बंध जोडतं. म्हणजे दोन पायऱ्या. पहिल्या पायरीत जुना सांधा तुटतो आणि साखर एन्झाइमला चिकटते. दुसऱ्या पायरीत पाणी येऊन तिला सोडवतं. लायसोझाइमच्या बाबतीत मात्र कित्येक वर्षं पुस्तकांत फिलिप्स यांचंच चित्र राहिलं: बंध नाही, फक्त मोकळी, प्रभारित साखर. १९७६ च्या गणितातही अभ्यास त्या प्रभारित अवस्थेचाच होता.

२००१ मध्ये स्टीफन विदर्स, गिडिअन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवलं की लायसोझाइममध्येही ५२ नंबर साखरेला चिकटतो. त्यासाठी त्यांनी मुद्दाम बदललेला एन्झाइम आणि फ्लोरीन लावलेली साखर वापरली होती, कारण तशी युक्ती केली नाही तर ती मधली अवस्था पकडता येण्याइतकी टिकत नाही. साहजिकच शंका उरते: खऱ्या एन्झाइममध्ये, खऱ्या साखरेवर हेच होतं का? प्रयोगाला जिथे पोहोचणं कठीण, तिथे पुन्हा सिम्युलेशन कामी आलं. २००८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या ॲड्रियन मुलहॉलंड यांच्या गटाने नैसर्गिक साखरेवर क्यूएम/एमएम चालवलं आणि उत्तर आलं: हो, चिकटलेली अवस्थाच जास्त स्थिर.

मग १९७६ चं काम वाया गेलं का? अजिबात नाही. खिंडीत पोहोचलेली साखर खरोखरच जवळपास धन प्रभारित असते, आणि तिथे प्रभारांची मांडणीच तिला सावरते. तो निष्कर्ष आजही उभा आहे. पण सिम्युलेशन तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं. जो रस्ता तुम्ही नकाशावर घेतलाच नाही, तो ते आपणहून दाखवत नाही. टेस्ट केस लिहिली नाही म्हणून बग नाही, असं आपण म्हणतो का? तसंच.

साखरेला खुर्चीतून उठवणं

आता साखरेकडे वळू, कारण तिच्यातही एक मजा आहे. ग्लुकोजचं कडं सहा अणूंचं: पाच कार्बन, एक ऑक्सिजन. ते सपाट नसतं, आरामखुर्चीसारखं वाकलेलं असतं. शास्त्रज्ञ त्याला खरोखरच 'खुर्ची' म्हणतात. ते वळवलं तर 'होडी' होते, आणि मधले अर्धवट आकार धरून एकूण ३८ ठरावीक आकार मोजले जातात.

साखर खुर्चीत निवांत बसलेली असते तोवर सेल्युलोजच्या जातीचा सांधा तोडणं अवघड. दोन कारणं. एक, खिंडीत पोहोचताना कड्याचा एक भाग सपाट व्हावा लागतो, म्हणजे धन प्रभार कार्बन आणि शेजारच्या ऑक्सिजनमध्ये वाटून घेता येतो. खुर्चीत तो सपाट होत नाही. दोन, चिकटायला येणाऱ्या आम्लाला तुटणाऱ्या सांध्याच्या बरोबर मागून यावं लागतं, आणि खुर्चीत ती वाट अडलेली असते. होडीसारख्या आकारात मात्र दोन्ही अडचणी सुटतात.

म्हणून असे बरेच एन्झाइम साखरेला आधीच खुर्चीतून उठवून होडीच्या जवळच्या आकारात धरून ठेवतात. पण मघाशी तर म्हटलं की एन्झाइम मऊ आहे, दाबू शकत नाही! बरोबर. तो बळजबरी करत नाही. होडीच्या आकारातल्या साखरेला हात द्यायला योग्य जागी अणू ठेवतो, आणि त्या हातमिळवणीतून मिळालेली ऊर्जा उठण्याचा खर्च भागवते.

बार्सिलोनातल्या कार्मे रोव्हिरा यांच्या गटाने २००७ मध्ये याची एक सुंदर बाजू दाखवली. त्यांनी एन्झाइम बाजूलाच ठेवला आणि एकट्या ग्लुकोजच्या सगळ्या आकारांचा ऊर्जेचा नकाशा काढला. एन्झाइममध्ये जे वाकडे आकार सापडतात, ते एकट्या साखरेलाही तुलनेने स्वस्तात जमतात, आणि त्या आकारांत सांधा आधीच थोडा तुटायला टेकलेला असतो. थोडक्यात, एन्झाइम साखरेच्या स्वभावाविरुद्ध जात नाही, तो तिच्या स्वभावातली सोयीची बाजू पकडतो.

२७ हजार वर्षं कोण थांबणार?

आता प्रॅक्टिकल प्रश्न. सिम्युलेशन सुरू केलं आणि सांधा तुटायची वाट बघत बसलो तर?

एक पाऊल असतं एका फेम्टोसेकंदाचं, म्हणजे सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके तुकडे केले तर त्यातला एक. यापेक्षा मोठं पाऊल टाकलं तर हायड्रोजनची थरथर निसटते आणि गणित फुटतं. समजा तुमचं मशीन दिवसाला १०० नॅनोसेकंद चालवतं, म्हणजे दहा कोटी पावलं. आणि समजा एन्झाइम सेकंदाला एकच सांधा तोडतो. एक सेकंद भरायला एक कोटी दिवस लागतील. म्हणजे सुमारे २७ हजार वर्षं. आणि हे स्वस्त चेंडू-स्प्रिंगचं गणित. क्वांटम भाग जोडला की दिवसाला काही पिकोसेकंदच होतात, मग वरच्या आकड्याला आणखी दहा हजाराने गुणा.

रेणू बहुतेक वेळ दरीत लोळत असतो. खिंड ओलांडणं ही दुर्मिळ घटना. म्हणून युक्ती करावी लागते. त्यातली एक, मेटाडायनॅमिक्स, अलेस्सांद्रो लायो आणि मिकेले पारिनेल्लो यांनी २००२ मध्ये मांडली. कल्पना ऐकून हसाल: खड्डे बुजवायचे. रेणू जिथे जास्त वेळ रेंगाळतो तिथे प्रोग्राम थोडा थोडा मुरूम टाकतो. दरी हळूहळू भरत जाते, तळ वर येतो आणि एके क्षणी रेणू खिंडीतून पलीकडे ओसंडतो. आणि कुठे किती पाट्या मुरूम पडला याची नोंद ठेवलेली असते. ती नोंद उलटी केली की दरी किती खोल होती आणि खिंड किती उंच, ते कळतं. आपल्या रस्त्यांच्या खड्ड्यांचा असा चोख हिशोब कुणी ठेवला तर काय बहार येईल!

मेख मात्र आहे. खड्डे कुठल्या दिशेने बुजवायचे हे माणसाला आधी सांगावं लागतं: या दोन अणूंतलं अंतर, त्या प्रोटॉनची जागा, कड्याचा आकार. चुकीची दिशा निवडली तर प्रोग्राम आनंदाने आठवडाभर चालतो आणि सुबक आलेख काढून देतो, ज्याला काहीही अर्थ नसतो.

कडब्याकडे परत: बोगद्यातला कामगार

सेल्युलोज तोडणाऱ्यांमध्ये सर्वांत अभ्यासलेला एन्झाइम आहे सेल-सेव्हन-ए. तो ट्रायकोडर्मा रीसाय नावाच्या बुरशीचा. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजायला लागले, आणि त्या कुजण्यातून ही बुरशी हाती लागली. सुती कापड म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज, हे लक्षात घ्या.

या एन्झाइमला घळ नाही, बोगदा आहे. सेल्युलोजची माळ एका बाजूने आत शिरते, दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे कापले जातात आणि एन्झाइम माळेवरून पुढे सरकतो. जपानमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये अतिवेगवान सूक्ष्मदर्शकाखाली हे चालणं प्रत्यक्ष टिपलं: सेकंदाला सुमारे सात नॅनोमीटर, म्हणजे साधारण सात कापण्या. आणि पुढे एक एन्झाइम अडकला की मागे रांग लागते. हो, अगदी ट्रॅफिक जाम.

पण एकेका कापणीत आत काय होतं ते सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. ते २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ग्रेग बेकहॅम आणि सहकाऱ्यांच्या सिम्युलेशनने दाखवलं. कोशलँड यांच्या दोन पायऱ्यांपैकी पहिली जास्त अवघड निघाली. आणि एक सुंदर तपशील सापडला. दुसऱ्या पायरीत पाण्याचा रेणू यायचा असतो. पहिल्या पायरीत कापलेला तुकडा तेव्हा तिथेच असतो, आणि तोच पाण्याला योग्य जागी धरून ठेवायला मदत करतो. जो कचरा वाटावा, तोच पुढच्या कामाचा मदतनीस!

हे का महत्त्वाचं? कारण उसाचं चिपाड, भाताचा पेंढा, कडबा यांपासून इथेनॉल करायचं तर हाच सांधा स्वस्तात तुटायला हवा. इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प, २०२२ मध्ये सुरू झालेला, भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्यासाठी आहे आणि त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. अशा प्रक्रियेत एन्झाइमचा खर्च हा कळीचा मुद्दा असतो. चांगला एन्झाइम बनवायचा तर कुठली पायरी अडतेय हे आधी कळायला हवं. पुन्हा प्रोफायलरच.

औषधांतही हीच भाषा चालते. डायबेटिसमधलं अकारबोज हे आतड्यातल्या स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमच्या घळीत जाऊन बसतं. त्याचा एक भाग खिंडीतल्या साखरेसारखा दिसतो, त्यामुळे एन्झाइम त्याला घट्ट धरून ठेवतो, पण तोडू शकत नाही. साखर रक्तात हळू उतरते. फ्लूवरचं झानामिव्हिर हेही विषाणूच्या साखर तोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मार्क फॉन इट्झस्टाइन यांच्या गटाने ते जाहीर केलं, तेव्हा घळीत कुठे कुठला प्रभार फिट बसेल हे कॉम्प्युटरनेच सुचवलं होतं. ते पूर्ण अभिक्रियेचं सिम्युलेशन नव्हतं, स्थिर चित्रावरचं गणित होतं, तरीही त्याने दिशा दिली.

मग विश्वास किती ठेवायचा?

मघाचा आकडा आठवा: १.४ किलोकॅलरी म्हणजे दहापट. क्वांटमच्या नेहमीच्या पद्धतीत दोन-तीन किलोकॅलरी इकडेतिकडे होणं मुळीच नवल नाही. म्हणजे वेगाचा अंदाज शंभरपट चुकू शकतो. त्यामुळे सिम्युलेशनला 'सेकंदाला नेमके किती सांधे?' असं विचारू नका. 'हा रस्ता सोपा की तो?', 'हा अमिनो आम्ल बदलला तर खिंड वर जाईल की खाली?' असं विचारा. तुलनेत दोन्ही बाजूंच्या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खातात.

शिवाय साखर हा विषय मुळातच चिवट. जागोजागी ओएच गट लोंबकळतात, प्रत्येक जण पाण्याशी, शेजाऱ्याशी हात मिळवू बघतो, आणि आकारा-आकारांतला ऊर्जेचा फरक अगदी थोडा. म्हणून साखरेच्या रेणूंसाठी ग्लायकॅमसारखे खास स्प्रिंग-प्रभारांचे संच बनवावे लागले.

माझ्यापुरती एक चेकलिस्ट केली आहे. अशा संशोधनाची बातमी वाचलीत तर चार प्रश्न विचारा. क्वांटम भागात कुठले अणू घेतले? ढकलण्याची दिशा कुणी आणि कशी ठरवली? दुसरा रस्ता तपासला का? आणि कुठल्या प्रयोगाशी निकाल ताडून पाहिला? चौथ्याचं उत्तर नसेल तर ते सुंदर ॲनिमेशन आहे, एवढंच समजायचं.

हात घालून बघायचाय? ग्रोमॅक्स हा प्रोग्राम फुकट आणि ओपन सोर्स आहे. प्रोटीन डेटा बँकेतून लायसोझाइमची रचना कुणालाही डाउनलोड करता येते, आणि ग्रोमॅक्स शिकवणारा सर्वांत प्रसिद्ध धडा 'पाण्यातला लायसोझाइम' हाच आहे. ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप त्याला पुरतो. सांधा तुटताना दिसणार नाही, स्प्रिंग तुटत नाही ना. पण ती घळ, ३५ नंबर, ५२ नंबर, आणि त्यांच्याभोवती सतत नाचणारं पाणी स्वतःच्या स्क्रीनवर बघितलंत की एन्झाइम हा पुस्तकातला गोल ठिपका उरत नाही.

प्रश्न असतील तर नेहमीसारखे व्हॉइस नोट करून पाठवा, निवडक प्रश्न पुढच्या भागात घेईन. आणि आज जेवताना भाकरीचा एक घास जरा जास्त वेळ चावून बघा. गोड लागायला लागला की समजा, लाळेतले असंख्य कामगार खिंड ओलांडताहेत. भेटू पुढच्या भागात!